वस्तू दुरुस्तीसाठी नेली आहे

साळवीकाकांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी दारातच माझी पर्स आणि छत्री काढून घेतली आणि बदल्यात पुठ्ठ्याचं एक टोकन माझ्या हातात ठेवलं. सात नंबर. घरात पाहुणी म्हणून मी एकटीच. मग सात का? तर म्हणाले, "एक ते सहा सकाळी येऊन गेले." मी सोसायटीच्या एका कागदावर त्यांची सही घ्यायला गेले होते आणि तो कागद नेमका पर्समध्ये होता. तसं सांगितलं. ते म्हणाले, "जाताना मिळेल." मी पुढे काही बोलणार तेवढ्यात ते खणखणीत आवाजात ओरडले, "हात मागे!"

आणि मी हात मागे घेतले! माझ्या सासूबाईंनाही जे बत्तीस सणांत जमलं नाही ते या माणसानं पहिल्या भेटीत करून दाखवलं. मी तशी कुणाचं ऐकून घेणारी बाई नाही. पण तो आवाजच असा होता की शाळेतली प्रार्थना आठवावी.

शांताराम साळवी. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुसरा मजला, रूम नंबर नऊ. मुंबईतल्या एका मोठ्या म्युझियममध्ये जन्मभर पहारेकरी होते. त्यांना पहारेकरी म्हटलेलं चालायचं नाही, 'गॅलरी अटेंडंट' म्हणायचं. रिटायर झाल्यावर गिरगावातली भाड्याची खोली सोडून इकडे वन रूम किचन घेतलं. नोकरी सुटली, ड्युटी काही सुटली नाही.

त्या वन रूम किचनचं त्यांनी सरळ म्युझियम करून टाकलं होतं. फ्रीजपासून टीव्हीपर्यंत कपडे वाळत घालायची निळी दोरी बांधलेली. पाहुण्यानं दोरीच्या अलीकडे उभं राहायचं. प्रत्येक वस्तूवर सुबक अक्षरातलं लेबल. 'पाटा-वरवंटा. दगड. सौ.च्या माहेरचा.' 'घड्याळ. भिंतीवरचे. पाच मिनिटे पुढे.' फ्रीजवर, 'शीतकपाट. चालू अवस्थेत.' संडासाच्या दारावर, 'सर्वसामान्यांसाठी बंद.' काकू आतून हसून म्हणाल्या, "माझ्यावर तेवढं लावलं नाही अजून. काय लिहावं ते सुचत नसेल."

"लेबल नाही ती वस्तू मुकी," काका म्हणायचे. हे त्यांचं लाडकं वाक्य. दुसरं, "काच उभी पुसायची, गोल नाही." बिल्डिंगमधल्या कुठल्याही घरी गेले की आधी खिडकीची काच बघायचे आणि मान हलवायचे. वरच्या मजल्यावरच्या मेहताबेन वैतागून माझ्याकडे आल्या होत्या. "बेन, ये काका मेरे घर आके मेरेकोच बोलता है, हाथ पीछे! मैं मेरे घर में शोकेस को हाथ भी नहीं लगाऊँ क्या?" मी सेक्रेटरी, म्हणून तक्रार माझ्याकडे. सेक्रेटरी कशी झाले विचाराल तर एका मीटिंगला गैरहजर राहिले, बस्स. त्या दिवशी जे आले नव्हते त्यांच्यात मी एकटीच शिकलेली निघाले.

पण एक सांगते, या माणसाचा सोसायटीला उपयोग फार. जनरल मीटिंगमध्ये टाकीच्या गळतीवरून तळमजला आणि चौथा मजला एकमेकांच्या कॉलरला भिडायच्या बेतात होते. मी टेबल आपटून दमले. काका दाराजवळ उभे होते, तिथूनच गरजले, "हात मागे!" दोन्ही मजल्यांनी हात मागे घेतले. त्यानंतर आमच्या मीटिंगा शांतपणे व्हायला लागल्या.

दाराजवळ उभे होते असं मी म्हटलं, कारण ते बसायचेच नाहीत. मीटिंग दोन तास चालो नाहीतर चार, काका दाराच्या डाव्या अंगाला, पाय थोडे फाकून, उभे. लग्नाला गेले तरी हॉलच्या दाराशी उभे. तिथे लोक त्यांनाच टॉयलेट कुठे आहे ते विचारायचे आणि तेही बरोबर सांगायचे. गुडघे सुजलेले, डॉक्टरांनी तंबी दिलेली, काकू रोज तेल चोळायच्या. तरी खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "नको. बसलेला अटेंडंट म्हणजे फर्निचर."

इतिहास त्यांना तोंडपाठ होता, पण तो सगळा गाइडांच्या मागे उभा राहून शिकलेला. त्यांच्या गॅलरीत कुठल्याशा संस्थानिकाचा एक नक्षीदार पलंग होता. एक गाइड सांगायचा, या पलंगावर राजा गेला. दुसरा सांगायचा, राजा यावर कधी झोपलाच नाही, ढेकूण होते. गुजरातीतून सांगणारा तिसरा गाइड तोच पलंग सुरतेच्या व्यापाऱ्याला देऊन टाकायचा. "खरं काय?" मी विचारलं. काका म्हणाले, "मी बावीस वर्षं त्या पलंगाशेजारी होतो, सेक्रेटरीबाई. पण मी कधी हात लावला नाही. त्याला काय माहीत आणि मला काय माहीत."

मला हा माणूस आवडायला लागला होता. उगाच नाही. दुसऱ्याची वस्तू इतक्या इमानानं जपणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. आमच्याकडे तर कॉमन पॅसेजमधला बल्बसुद्धा टिकत नाही.

त्यांच्या हॉलमध्ये सगळ्यात मानाच्या जागी, देव्हाऱ्याच्या बाजूला, काचेची एक पेटी होती. जवळच्या हाटकेश भागातल्या एका गाळ्यातल्या सुतारानं करून दिलेली, सागाची चौकट, आत छोटा दिवा. काका ती रोज सकाळी पुसायचे, अर्थातच उभी. पेटीत एक पांढरं कार्ड ठेवलेलं, 'वस्तू दुरुस्तीसाठी नेली आहे.' बाकी काही नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, असेल बाबा. दुसऱ्या वर्षीही तेच कार्ड. तिसऱ्या वर्षी मी विचारलं, "काका, कसली वस्तू? एवढी वर्षं कोण दुरुस्त करतंय?"

"काम नाजूक आहे," ते म्हणाले आणि दिवा बंद केला.

काकूंना विचारलं तर त्यांनी खालच्या आवाजात एवढंच सांगितलं, "दुपारी जेवण झालं की एक वही काढतात. रेघा मारतात आणि खोडतात. मी विचारत नाही." एकदा ती वही माझ्या नजरेला पडली. घराचा नकाशा. इथे दार, तिथे पडवी, मधला भाग खोडून खोडून कागद फाटलेला. मी सेक्रेटरी ना! माझ्या डोक्यात भलतंच आलं. म्हटलं, "काका, ग्रिल बाहेर काढून खोली वाढवायचा विचार नाही ना? महानगरपालिकेची नोटीस मला येते, तुम्हाला नाही." त्यांनी वही मिटली. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

ही गोष्ट साधारण दोन हजार सहाची. आमच्या नाक्यावर जवळच्या मुर्धा गावची पारूबाई मासे विकायला बसायची. पन्नाशीची, आवाज फाटका, हिशेबाला पक्की, मनानं मोकळी. एक दिवस बोंबील साफ करता करता म्हणाली, "पुढचे सोमवारशी बिल्डरची मशीन येनार हाय. घर पारनार. पोरांनी सही केलान." घर पाडून होणाऱ्या नव्या बिल्डिंगमध्ये तिला फ्लॅट मिळणार होता, तोवर भाड्याची खोली. मी आपली "चांगलं झालं ना पारूबाई, पक्कं घर" वगैरे बोलले. काका शेजारी पिशवी घेऊन उभे. ते म्हणाले, "मी घर बघायला येऊ?"

"बघाला काय हाय त्यान? चार भिंती आन कौलां."

"तेच बघायचंय."

दुसऱ्या दिवशी ते मोजपट्टी घेऊन मुर्ध्याला गेले. मला बरोबर नेलं, कारण माझ्या दिराचा डिजिटल कॅमेरा तेव्हा माझ्याकडे होता. खाडीच्या अंगाला कौलारू घर. काही पडकं-बिडकं नव्हतं, चांगलं नांदतं, सारवलेलं, मागे जाळी वाळत घातलेली. खिडकीतून पूर्वी मिठागरं दिसायची म्हणे, आता समोरच्या टॉवरचं पार्किंग दिसत होतं. काकांनी सगळं घर मोजलं. मग ओटीवर उभे राहून पारूबाईला म्हणाले, "शुक्रवार, शनिवार, रविवार. तीन दिवस मला हे घर द्या. माणसं आणतो. घर कुणी न बघता जायला नको."

पारूबाईला हसू आवरेना. पण काका हसत नव्हते. हात जोडून उभे होते. ती म्हणाली, "आन ना. चा ठेवीन सगल्यांना."

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर नोटीस. 'मुर्धा येथील राहते घर. पाहण्याची वेळ सकाळी १० ते सायंकाळी ६. कृपया वस्तूंना हात लावू नये. सोमवारी बंद.' ही शेवटची ओळ वाचून बिल्डिंग हसली. तीन दिवसांचं म्युझियम आणि सोमवारी बंद! काकांना काही कळेना. जन्मभर सोमवारी सुट्टी घेतलेला माणूस, हाताला तशी सवय. लिहून गेले.

आणि हसत हसत का होईना, बिल्डिंग गेली. रिक्षा करकरून गेली. सगळीकडे लेबलं. 'जाते. वापरात.' 'चूल. मातीची. आजही पेटते.' 'उंबरा. मधोमध झिजलेला. पारूबाई व सासूबाई.' अडचण एवढीच की मालकीण त्याच घरात राहत होती. काका सकाळी लेबल लावायचे आणि पारूबाई दुपारी त्याच कढईत मासे तळायची. एक लेबल तर कालवणात पडलं. पण लोक बघत होते हो! आमच्या मेहताबेन मासळीच्या वासानं पदर नाकाला लावून उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, आणि जातं दिसल्यावर पदर कधी सुटला ते त्यांनाही कळलं नाही. "मेरी बा के घर में ऐसाच था," म्हणाल्या. पारूबाई सगळ्यांना फिरवून दाखवत होती. इथे तिन्ही पोरं झाली. इथे नवरा आजारपणात झोपायचा. या खुंटीला सासरा जाळं अडकवायचा. काका दाराच्या डाव्या अंगाला, तीन दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, उभे.

रविवारी दुपारी घर भरलेलं होतं. चुलीवर बोंबलाचं कालवण. पारूबाईनं झाकण उचलायला हात पुढे केला, आणि गर्दीतून काकांना फक्त एक हात दिसला, लेबल लावलेल्या भांड्याकडे जाणारा.

"हात मागे!"

आम्हा सगळ्यांचे हात मागे गेले. मेहताबेनचेसुद्धा. पारूबाई पळी घेऊन वळली.

"कोनाचं हात मांगं?" तिनं पळी काकांवर रोखली. "माजे घरान माजंच हात मांगं? तीस वरसां ह्याच हातांनी चूल पेटविली मी. उंद्या ती न्हाय र्‍हाणार. आजचे दिस तरी लावू दे हात!"

शेवटच्या शब्दाला तिचा फाटका आवाज पार चिरकला. तीन दिवस चहा पाजणारी, हसणारी बाई. आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं की तिचं काय जातंय.

काका पांढरेफटक पडले. "चुकलं माझं, पारूबाई. पाया पडतो."

"पाया नको परू. चुकलास त बस. तीन दिस दारान खांबासारखा उभा हायस. माजे घरान आलेला मानूस आधी बसतं, मंग बोलतं."

"मी ड्युटीवर बसत नाही."

"तुजी ड्युटी गेली खाडीन. बस!"

आणि साळवीकाका बसले. भिंतीचा आधार घेत, चुलीसमोर, सारवलेल्या जमिनीवर. गुडघे कडाकडा वाजले ते सगळ्यांनी ऐकलं. पारूबाईनं ताटात तांदळाची भाकरी आणि कालवण वाढून पुढे ठेवलं आणि पुन्हा चुलीशी वळली.

ते जेवेनात. मान वर करून बघत राहिले. आढ्याकडे. शिंक्याकडे. कौलांत बसवलेल्या एका काचेतून चुलीवर उन्हाचा तुकडा पडला होता, त्याकडे. मग पारूबाईच्या पायांकडे. बराच वेळ. मला वाटलं चक्कर येतेय, म्हणून मी जवळ गेले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"सेक्रेटरीबाई, माझ्या पिशवीतली वही द्या. डावीकडं होती. चूल डावीकडं होती. मी उभा राहून शोधत होतो हो इतकी वर्षं!"

मग तिथेच बसून त्यांनी सांगितलं. पारूबाईही पळी ठेवून ऐकत बसली.

रायगड जिल्ह्यात रस्त्याला लागून त्यांचं घर होतं. आठ वर्षांचे असताना चुलत्याबरोबर मुंबईला आले. पुढे गावी गेले ते दोन-चार दिवसांचे पाहुणे, ओटीवरूनच परत. आई गेली, घर बंद पडलं. मग रस्ता रुंद करायचा म्हणून घर पाडायचं ठरलं आणि भावाचं पत्र आलं, येऊन काय हवं ते घेऊन जा. त्याच आठवड्यात म्युझियममध्ये कुणी परदेशी पाहुणे येणार होते. रजा मिळाली नाही. "मी तीन दिवस त्या पलंगापाशी उभा होतो. दुसऱ्याचा पलंग. भावाला कळवायलासुद्धा सुचलं नाही, की आईची एखादी वाटी ठेव. गेलो तेव्हा तिथं रस्ता. आईची चूल होती तिथं एसटी थांबत होती."

"मग ती पेटी..." मी म्हटलं.

"पेटी त्या घरासाठीच. पण ठेवू काय? आणि कार्डावर 'नाही' असं लिहिता येत नाही. म्युझियममध्ये तसं कार्डच नसतं. वस्तू दुरुस्तीला गेलीय एवढंच लिहितात. मी तेच लिहिलं. म्हटलं, आठवलं तर घर निदान कागदावर काढून ठेवीन. पण मधलं काही आठवेचना. सगळं उंच होतं, सगळं माझ्या डोक्याच्या वर होतं, आणि मी आपला उभ्यानं हुडकतोय."

पारूबाईनं नाक पुसलं. "जेव आता," म्हणाली. "गार जालं."

ते जेवले. सगळं ताट पुसून जेवले.

सोमवारी आम्ही गेलो, काका, काकू आणि मी. पारूबाईचं सामान टेम्पोत चढत होतं. जात्यावर लेबल तसंच, पाट्यावर तसंच. काका काढायला गेले तर ती ओरडली, "र्‍हाव दे ती! नवे घरान तशीच लावन." मशीन आलं. पहिली कौलं खाली आली तेव्हा पारूबाई काकूंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि काका तिच्याशेजारी उभे होते. शेवटची भिंत पडेपर्यंत ते हलले नाहीत. या घराला शेवटपर्यंत कुणीतरी होतं.

त्यानंतर पंधरा दिवस रूम नंबर नऊ बंदच. मग एका संध्याकाळी काकूंनी मला बोलावलं. दारात पर्स कुणी घेतली नाही, टोकन नाही. निळी दोरी गॅलरीत गेली होती, तिच्यावर काकांचा बनियन वाळत होता. काचेची पेटी देव्हाऱ्याजवळून काढून खाली जमिनीवर ठेवलेली. काका तिच्याशेजारी मांडी घालून बसले होते.

"बसा," म्हणाले.

माझ्या वजनाला जमिनीवर बसणं म्हणजे काय ते मलाच ठाऊक. पण बसले. पेटीत एक चित्र होतं. काका काही चित्रकार नव्हेत, पेन्सिलीच्या रेघा आणि थोडा रंग. पण अख्खं घर खालून बघितलेलं. दार केवढं तरी उंच. आढं आभाळाएवढं लांब. शिंकं लोंबतंय. डावीकडे चूल, तिच्यावर उन्हाचा तुकडा. आणि चुलीशी दोन पाय, जोडवी घातलेले, हिरव्या लुगड्याच्या काठापर्यंत. त्याच्या वर कागद संपला होता.

"चेहरा?" मी विचारलं.

"चेहऱ्याचा फोटो आहे माझ्याकडं. पाय हरवले होते."

खाली कार्ड तेच जुनं, फक्त उलटं करून मागच्या बाजूला लिहिलेलं, 'घर. जिल्हा रायगड. दुरुस्ती पूर्ण.' मी किती वेळ बघत होते मला कळलं नाही. काकांनी काच सरकवली, तेव्हा मी दचकून जरा मागे झाले. माझे हात अजून पाठीमागेच होते, एकमेकांत घट्ट अडकवलेले.

"अहो सेक्रेटरीबाई," काका म्हणाले, "हात पुढं घ्या. आपल्याच घरी आलाय."